पोर्टच्या पलीकडे कोण आहे? स्विचवर स्पॅनिंग ट्रीची पोर्ट सेटिंग्ज लावताना

सकाळी अकराच्या सुमारास तीन मजल्यांचं नेटवर्क एकदम बसलं. फोन मुके झाले, कॅमेऱ्यांची चित्रं थिजली, सर्व्हरला पिंग जाईना. रॅकसमोर जाऊन उभी राहिले तर स्विचचे सगळे दिवे एकाच तालात, न थांबता लुकलुकत होते. एरवी प्रत्येक पोर्टचा दिवा आपापल्या लयीत चमकतो. सगळे मिळून फडफडायला लागले की लूप झालाय, म्हणजे केबलींची बंद साखळी तयार झालीय, असं खुशाल समजावं. कन्सोल केबल लावली, तर टाईप केलेलं एकेक अक्षर उमटायला दोन-दोन सेकंद लागत होते. लॉगमध्ये एकाच मॅक ऍड्रेसची (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या पत्त्याची) तक्रार ओळीमागून ओळ येत होती: आत्ता पोर्ट ७ वर, आत्ता पोर्ट ८ वर, परत ७ वर.

मजल्यांकडे जाणाऱ्या अपलिंक, म्हणजे स्विचला स्विच जोडणाऱ्या केबली, एकेक करून काढल्या. दुसऱ्या मजल्याची निघाली आणि बाकीचे दोन मजले लगेच चालू झाले. मूळ सापडलं एका टेबलावरच्या आयपी फोनमध्ये. अशा फोनला मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडे जाणारा आणि एक कंप्युटरला देण्यासाठी. टेबल हलवताना कुणीतरी दोन्ही पोर्टांतल्या केबली भिंतीवरच्या दोन सॉकेटांत खोचल्या होत्या. त्या माणसाला मी मुळीच दोष देत नाही. मोकळी केबल दिसली, मोकळं सॉकेट दिसलं, लावली. चूक कॉन्फिगरेशनमध्ये होती. स्विचवर स्पॅनिंग ट्री, म्हणजे लूप होऊ न देणारा प्रोटोकॉल, चालू होती, पण त्या मजल्याच्या सगळ्या पोर्टांवर पूर्वी कुणीतरी बीपीडीयू फिल्टर, म्हणजे त्या प्रोटोकॉलचे निरोप गाळणारं सेटिंग, लावून ठेवलं होतं. लूप ओळखायची जी एकमेव खूण, तीच तिथे गाळली जात होती.

तेव्हापासून कुठल्याही पोर्टचं कॉन्फिगरेशन लिहायच्या आधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: या केबलच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? पोर्टफास्ट, बीपीडीयू गार्ड, रूट गार्ड, लूप गार्ड, कॉस्ट, प्रायॉरिटी ही नावं ऐकून नवीन माणूस गांगरतो. पण यातलं प्रत्येक सेटिंग म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर स्विचला सांगणं असतं. उत्तर चुकीचं दिलं, तर स्विच चुकीच्या उत्तरावर अगदी प्रामाणिकपणे काम करतो.

खालच्या कमांडा सिस्कोच्या आयओएसमधल्या आहेत आणि मी त्या तोंडाने म्हणते तशा लिहिल्या आहेत. स्विचवर टाईप करताना शब्द तेच आणि क्रमही तोच ठेवायचा. दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर शब्द थोडे बदलतील. पोर्टफास्टला तिथे बहुधा एज पोर्ट किंवा ॲडमिन एज म्हणतात. तत्त्व बदलत नाही, कारण त्यामागचा प्रोटोकॉल एकच आहे.

लूप एवढा महागात का पडतो

आयपी पॅकेटमध्ये टीटीएल असतो. प्रत्येक राउटरवर तो एकाने कमी होतो आणि शून्यावर आला की पॅकेट फेकलं जातं. इथरनेट फ्रेममध्ये असं काहीच नाही. दोन स्विचमध्ये दोन वाटा उघड्या असल्या की एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेली) फ्रेम त्या वाटांवरून अखंड फिरत राहते, प्रत्येक फेरीत बाकीच्या सगळ्या पोर्टांवर तिच्या प्रती जातात, आणि थोड्याच वेळात लिंका पूर्ण भरतात. म्हणून जादाची वाट केबल म्हणून शाबूत ठेवायची, पण वाहतुकीला बंद करायची. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली यासाठी जो अल्गोरिदम रचला, तोच स्पॅनिंग ट्री. १९९० मध्ये आयट्रिपलई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने तो ८०२.१डी या नावाने प्रमाणित केला. २००१ साली ८०२.१डब्ल्यू, म्हणजे रॅपिड स्पॅनिंग ट्री आली. आज नवीन कॉन्फिगरेशन लिहायचं तर रॅपिडच लिहावं.

काम कसं चालतं ते थोडक्यात. स्विच दर २ सेकंदांनी बीपीडीयू नावाच्या छोट्या फ्रेमी पाठवतात. ज्याचा ब्रिज आयडी (प्रायॉरिटी आणि मॅक ऍड्रेस मिळून बनणारा आकडा) सगळ्यांत लहान तो रूट, म्हणजे झाडाचं मूळ, ठरतो. बाकी प्रत्येक स्विच रूटकडे जाणारा सगळ्यांत स्वस्त पोर्ट (वेग जास्त तशी कॉस्ट कमी) निवडतो, तो रूट पोर्ट. प्रत्येक दुव्याच्या एका टोकाला वाहतूक पुढे नेणारा डेझिग्नेटेड पोर्ट असतो. उरलेले पोर्ट थांबून राहतात. दुसऱ्या स्विचकडून अधिक चांगला बीपीडीयू येत असेल तर अल्टरनेट, आणि आपल्याच स्विचचा बीपीडीयू फिरून परत येत असेल तर बॅकअप. फिल्टर नसतं तर त्या दिवशी फोनमधून फिरून आलेला पोर्ट ७ चा बीपीडीयू पोर्ट ८ ला दिसला असता, ८ गपचूप बॅकअप होऊन बसला असता आणि कुणाला काही कळलंही नसतं.

आधी कागद आणि पेन

माझी रचना उदाहरणाला घेते. तळमजल्यावर दोन कोर स्विच, कोर-१ आणि कोर-२. प्रत्येक मजल्यावर एक ऍक्सेस स्विच, त्याची एक केबल कोर-१ कडे आणि एक कोर-२ कडे. दोन्ही कोर एकमेकांना जोडलेले. व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचांवर आखलेली वेगवेगळी नेटवर्कं, तीन: १० कंप्युटरांचा, २० फोनचा, ३० कॅमेऱ्यांचा.

कीबोर्डला हात लावायच्या आधी प्रत्येक स्विचच्या पोर्टांची यादी करा आणि प्रत्येकापुढे पलीकडे काय आहे ते लिहा. 'शो सीडीपी नेबर्स' आणि 'शो एलएलडीपी नेबर्स' यांतून शेजारचे स्विच, फोन आणि ऍक्सेस पॉइंट कळतात. पण जी उपकरणं स्वतःची ओळख सांगत नाहीत ती यात दिसत नाहीत, म्हणून 'शो मॅक ऍड्रेस-टेबल' सुद्धा पाहा. एका टेबलाच्या पोर्टवर अकरा मॅक ऍड्रेस दिसत असतील, तर टेबलाखाली कुणीतरी छोटा स्विच ठेवलेला आहे. जाऊन बघाच. मी ही यादी करायला एक अख्खा दिवस घेते आणि तो वेळ मला कधीच वाया गेल्यासारखा वाटत नाही.

यादी झाली की पोर्टांचे तीन गट पडतात: शेवटची उपकरणं, म्हणजे कंप्युटर, फोन, प्रिंटर, कॅमेरा, सर्व्हर; आपल्याच ताब्यातले दुसरे स्विच; आणि ज्यांच्यावर आपला ताबा नाही असे स्विच. कुठल्याच गटात न बसणारा पोर्ट, म्हणजे पलीकडे काय आहे तेच ठाऊक नसलेला, शटडाउन करून ठेवा. ज्याचं काम अडेल तो फोन करेल, आणि यादीतली एक ओळ भरेल.

रूट नशिबावर सोडू नका

पोर्टांकडे वळण्याआधी एक काम उरकायचं, कारण सगळ्या पोर्टांच्या भूमिका रूटवरून ठरतात. सगळ्या स्विचवर रॅपिडचा हा मोड, ज्यात प्रत्येक व्हीलॅनचं वेगळं झाड बनतं:

स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी

कोर-१ वर:

स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १,१०,२०,३० प्रायॉरिटी ४०९६

कोर-२ वर हीच ओळ, फक्त ८१९२ घालून.

सगळ्यांची मूळ प्रायॉरिटी ३२७६८ असते. ती तशीच ठेवली तर बरोबरी होते आणि सगळ्यांत लहान मॅक ऍड्रेसवाला स्विच रूट होतो. असा स्विच बऱ्याचदा सगळ्यांत जुना निघतो, आणि मग कोपऱ्यातल्या एखाद्या दमलेल्या स्विचमधून सगळ्या इमारतीची वाहतूक वाहायला लागते. प्रायॉरिटी ४०९६ च्या पटीतच देता येते. 'शो स्पॅनिंग-ट्री' मध्ये व्हीलॅन १० साठी ४१०६ दिसलं तर बिचकू नका. स्विच व्हीलॅनचा नंबर त्यात मिळवून दाखवतो. मोड बदलताना सगळी झाडं नव्याने बांधली जातात आणि वाहतूक थोडी अडखळते, म्हणून हे काम रात्री करा.

हॅलो, फॉरवर्ड डिले आणि मॅक्स एज हे टायमर मात्र जसे आहेत तसे राहू द्या. २, १५ आणि २० सेकंद हे आकडे नेटवर्कच्या कुठल्याही दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त सात स्विच असा हिशेब धरून ठरवलेले आहेत. रॅपिड लावल्यावर ते आखडून काही मिळत नाही.

पहिला गट: शेवटची उपकरणं

इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट १/०/१-२०
स्विचपोर्ट मोड ऍक्सेस
स्विचपोर्ट ऍक्सेस व्हीलॅन १०
स्विचपोर्ट व्हॉइस व्हीलॅन २०
स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट
स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल

शेवटच्या दोन ओळी कायम जोडीने लिहायच्या. काही नव्या आवृत्त्यांमध्ये पहिली ओळ 'पोर्टफास्ट एज' अशी दिसेल.

पोर्टफास्ट नसेल तर केबल लावल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मग वाहतूक सोडतो. रॅपिडमध्येही पलीकडून प्रोटोकॉलने उत्तर देणारं कुणी नसलं की तेवढाच वेळ जातो. ३० सेकंद ऐकायला कमी वाटतात, पण तेवढ्यात कंप्युटर आयपी मागून, उत्तर न मिळाल्यामुळे स्वतःचाच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. नेटवर्कवरून बूट होणारी यंत्रं तर बूटच होत नाहीत. 'सकाळी कंप्युटर लावला की नेट नसतं, थोड्या वेळाने आपोआप येतं' अशी तक्रार आली की मी आधी पोर्टफास्ट आहे का ते बघते.

पोर्टफास्टचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. साधा पोर्ट चालू झाला की स्विच टोपॉलॉजी (जोडणीची रचना) बदलल्याची दवंडी पिटतो. रॅपिडमध्ये ती ऐकून बाकीचे स्विच त्या व्हीलॅनमधले शिकलेले मॅक ऍड्रेस पुसतात आणि पुन्हा शिकेपर्यंत फ्रेमी सगळीकडे सोडतात. दोनशे कंप्युटर सकाळी तासाभरात चालू होत असतील तर हे दोनशे वेळा होतं. पोर्टफास्ट असलेल्या पोर्टच्या उघडझापीची दवंडी पिटली जात नाही.

एक गैरसमज इथेच दूर करते. पोर्टफास्टने स्पॅनिंग ट्री बंद होत नाही. पोर्ट बीपीडीयू पाठवत राहतो आणि आलेले ऐकतोही. कमांड दिल्यावर स्विच जो लांबलचक इशारा छापतो तो एवढंच सांगतो की पलीकडे हब किंवा स्विच असेल तर तात्पुरता लूप होऊ शकतो. त्या तात्पुरत्या क्षणासाठीच बीपीडीयू गार्ड आहे. 'इथे शेवटचं उपकरण आहे' असं आपण सांगितलेलं असताना बीपीडीयू आला, म्हणजे आपलं म्हणणं खोटं ठरलं, आणि स्विच तो पोर्ट एरर-डिसेबल करतो, म्हणजे आपणहून बंद करतो.

टेबलाखालच्या छोट्या, कॉन्फिगर न होणाऱ्या स्विचबद्दल मला खूपदा विचारतात. असा स्विच स्वतः बीपीडीयू पाठवत नाही, त्यामुळे नुसता लावल्याने गार्ड उडत नाही. त्याच्याच दोन पोर्टांत कुणी एक केबल खोचली, तर आपणच पाठवलेला बीपीडीयू त्यातून फिरून परत येतो आणि गार्ड उडतो. इथपर्यंत छान. पण काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळून टाकतात. तिथे स्पॅनिंग ट्रीला काहीही कळायचा मार्ग उरत नाही. म्हणून टेबलांच्या पोर्टांवर मी आणखी एक ओळ घालते:

स्टॉर्म-कंट्रोल ब्रॉडकास्ट लेव्हल १

ब्रॉडकास्ट पोर्टच्या क्षमतेच्या एक टक्क्यावर गेलं की जादाचं तिथल्या तिथे अडवलं जातं. शिवाय पोर्ट-सिक्युरिटीने प्रत्येक पोर्टवर जास्तीत जास्त तीन मॅक ऍड्रेस, कारण फोन आणि कंप्युटर मिळून तेवढ्यात भागतं.

एरर-डिसेबल झालेला पोर्ट परत आणायचा तर आधी कारण काढा, मग 'शटडाउन' आणि 'नो शटडाउन'. उलट क्रमाने केलं तर पोर्ट पुन्हा पडतो आणि माणूस स्विचवर संशय घ्यायला लागतो. 'एररडिसेबल रिकव्हरी कॉज बीपीडीयूगार्ड' दिलंत तर ३०० सेकंदांनी पोर्ट आपोआप उठायचा प्रयत्न करतो. जिथे मला सहज जाता येत नाही अशाच स्विचवर मी ते लावते. जवळच्या मजल्यांवर नाही, कारण पोर्ट पडलेला राहिला तरच तो का पडला हे कुणीतरी येऊन सांगतं.

सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन असतील आणि पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणारा) असेल, तर नुसतं पोर्टफास्ट त्याला लागू होत नाही. 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट ट्रंक' द्यावं लागतं. ही ओळ टाईप करताना दोनदा थांबा आणि पलीकडे खरंच सर्व्हर आहे ना, ते यादीत बघा. स्विचकडे जाणाऱ्या ट्रंकवर ही ओळ पडली तर आपणच लूपला दार उघडून दिलं.

दुसरा गट: आपलेच स्विच

इथे पोर्टफास्ट नको, बीपीडीयू गार्डही नको. या पोर्टांवर बीपीडीयू यायलाच हवेत. काळजी घ्यायची ती दोन गोष्टींची: नको तो स्विच रूट होऊ नये, आणि बीपीडीयू यायचे थांबले तर पोर्टने भलता अर्थ काढू नये.

पहिल्यासाठी रूट गार्ड. कोर-१ च्या मजल्यांकडे जाणाऱ्या पोर्टांवर:

स्पॅनिंग-ट्री गार्ड रूट

याचा अर्थ, 'या दिशेला रूट असूच शकत नाही.' मजल्यावर कुणी कमी प्रायॉरिटीचा स्विच आणून लावला आणि त्याने रूटपद मागितलं, तर हा पोर्ट रूट-इनकन्सिस्टंट होऊन थांबतो. मागणी थांबली की आपोआप पूर्ववत होतो, हाताने काही करावं लागत नाही. मजल्यावरच्या स्विचच्या अपलिंकवर मात्र हे चुकूनही लावू नका. तिथून खऱ्या रूटचाच बीपीडीयू येतो, आणि गार्ड त्यालाच अडवून सगळा मजला तोडेल.

कोर-२ वर रूट गार्ड लावताना मी एकदा फसले आहे, म्हणून हे नीट सांगते. कोर-२ च्या मजल्यांकडच्या पोर्टांवर मी रूट गार्ड लावलं होतं आणि सगळं सुरळीत चालू होतं. मग कोर-१ आणि कोर-२ मधली एकुलती एक केबल खराब झाली. आता कोर-२ ला रूटपर्यंत पोचायचं तर मजल्यावरच्या स्विचमधूनच जायला हवं. मजल्यावरच्या स्विचने इमानदारीने कोर-१ चा बीपीडीयू कोर-२ कडे पाठवला. रूट गार्डने पाहिलं की मजल्याकडून रूटचा बीपीडीयू येतोय, आणि पोर्ट अडवला. तिन्ही मजल्यांकडचे तिन्ही पोर्ट अडवले. कोर-२ आणि त्याच्यावर टांगलेला बॅकअप सर्व्हर एकटे पडले, जादाच्या केबली शाबूत असूनही. आता माझ्याकडे दोन्ही कोरमध्ये दोन केबली एकच लिंक म्हणून बांधणारा पोर्ट-चॅनेल आहे आणि कोर-२ वरचं रूट गार्ड मी काढून टाकलं आहे. तुमची रचना त्रिकोणी असेल तर कागदावर एकेक केबल खोडून बघा आणि मगच ठरवा.

दुसऱ्या काळजीसाठी लूप गार्ड. फायबरच्या जोडीतला एक धागा पाठवायचा आणि एक घ्यायचा. घेणारा तुटला आणि तरीही लिंक उभी दिसत राहिली, तर थांबून बसलेल्या अल्टरनेट पोर्टला बीपीडीयू यायचे बंद होतात. तीन हॅलो, म्हणजे ६ सेकंद वाट पाहून तो समजतो की पलीकडे कुणी नाही, आणि वाहतूक सुरू करतो. पाठवणारा धागा शाबूत असतो, त्यामुळे लूप तयार. मजल्यावरच्या स्विचच्या दोन्ही अपलिंकवर:

स्पॅनिंग-ट्री गार्ड लूप

आता बीपीडीयू थांबले तर पोर्ट लूप-इनकन्सिस्टंट म्हणून अडून राहतो आणि ते परत आले की सुटतो. फायबरवर याच्या जोडीला 'यूडीएलडी पोर्ट अग्रेसिव्ह' सुद्धा द्या. एकतर्फी झालेली लिंक ते थेट ओळखतं. एका पोर्टवर रूट गार्ड आणि लूप गार्ड दोन्ही राहत नाहीत, एक दिलं की दुसरं निघतं. अर्थाच्या दृष्टीनेही ते बरोबरच आहे. रूट गार्ड वरून खाली बघणाऱ्या पोर्टसाठी, लूप गार्ड खालून वर बघणाऱ्यासाठी.

अपलिंकच्या ओळीत 'शो स्पॅनिंग-ट्री' चा शेवटचा रकाना बघायची सवय लावा. तिथे 'पी२पी', म्हणजे थेट दोनच टोकांची लिंक, असायला हवं. स्विच हे डुप्लेक्सवरून ठरवतो. अपलिंक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने वाहतूक) अडकली असेल तर तो तिला शेअर्ड समजतो, रॅपिडची झटपट बोलणी होत नाहीत आणि परत १५ अधिक १५ सेकंद जातात. 'लिंक-टाइप' ची कमांड देऊन हे झाकता येतं, पण झाकू नका. डुप्लेक्स का बिघडला ते शोधा.

कॉस्ट आणि पोर्ट प्रायॉरिटी: कुठल्या टोकाला?

या एका मुद्द्यावर अनुभवी माणसंही अडखळतात. समजा मजल्याच्या स्विचपासून कोर-१ कडे दोन समांतर केबली आहेत: मजल्याचा पोर्ट २३ कोरच्या पोर्ट १ ला, मजल्याचा २४ कोरच्या २ ला. दोन्हींचा वेग सारखा. मजल्याचा स्विच रूट पोर्ट निवडताना क्रमाने बघतो: रूट कोण, रूटपर्यंतची एकूण कॉस्ट किती, बीपीडीयू पाठवणाऱ्या स्विचचा आयडी काय, आणि तरीही बरोबरी झाली तर पाठवणाऱ्याच्या पोर्टचा आयडी काय. पाठवणाऱ्याचा! म्हणून कोरच्या पोर्ट १ शी जोडलेला २३ जिंकतो आणि २४ थांबतो.

तुम्हाला २४ मधून वाहतूक हवी आहे. बहुतेक जण मजल्याच्या स्विचवर जाऊन २४ ची पोर्ट प्रायॉरिटी १२८ वरून ६४ करतात. काहीच होत नाही, कारण मजल्याचा स्विच स्वतःची प्रायॉरिटी बघतच नाही. बीपीडीयूमध्ये आलेली कोरची बघतो. त्यामुळे ती कोर-१ च्या पोर्ट २ वर बदलायची:

स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १० पोर्ट-प्रायॉरिटी ६४

हा आकडा १६ च्या पटीत, जास्तीत जास्त २४०. कॉस्टचं याच्या बरोबर उलट. बीपीडीयू ज्या पोर्टवर येतो त्या पोर्टची कॉस्ट घेणारा स्विच स्वतः मिळवतो, म्हणून ती मजल्याच्या स्विचवरच बदलायची. २३ ची कॉस्ट वाढवा किंवा २४ ची कमी करा. मी शक्यतो कॉस्टच वापरते, कारण जिथे परिणाम दिसतो तिथेच बदल दिसतो आणि सहा महिन्यांनी शोधताना त्रास होत नाही. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही केबली पोर्ट-चॅनेलमध्ये बांधून टाका. स्पॅनिंग ट्रीला मग एकच लिंक दिसते आणि दोन्ही केबली कामाला लागतात.

कॉस्टचे आकडे दोन पद्धतींनी मोजतात. जुन्या पद्धतीत १०० मेगाबिटला १९, १ गिगाबिटला ४, १० गिगाबिटला २. नव्या, लांब पद्धतीत तेच २,००,०००, २०,००० आणि २,०००. एका स्विचवर जुनी आणि दुसऱ्यावर नवी असेल तर बेरजा अर्थहीन होतात आणि वाहतूक नको त्या वाटेने जाते. 'स्पॅनिंग-ट्री पाथकॉस्ट मेथड लाँग' सगळीकडे द्या, किंवा कुठेच देऊ नका.

तिसरा गट आणि बीपीडीयू फिल्टर

ज्यांच्यावर आपला ताबा नाही अशा स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर मी शक्यतो राउटेड पोर्टच (राउटरसारखा, आयपीने वाट ठरवणारा) ठेवते, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा प्रश्नच मिटतो. तसं जमत नसेल तर रूट गार्ड.

अशाच ठिकाणी लोक बीपीडीयू फिल्टरकडे वळतात, आणि त्याची दोन रूपं आहेत हे माहीत नसल्याने घात होतो. ग्लोबल रूपात ते फक्त पोर्टफास्टच्या पोर्टांवर लागू होतं. पोर्ट चालू होताना थोडे बीपीडीयू जातात, आणि पलीकडून बीपीडीयू आला तर पोर्टफास्ट आणि फिल्टर दोन्ही सोडून पोर्ट साध्या पोर्टासारखा वागतो. इंटरफेसवर लिहिलेलं 'स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूफिल्टर एनेबल' मात्र पाठवतही नाही आणि आलेले बघतही नाही. त्याच पोर्टवर बीपीडीयू गार्ड लिहिलेलं असलं तरी त्याला काही दिसत नाही. आमच्या दुसऱ्या मजल्यावर हेच दुसरं रूप होतं. ते बहुधा गार्डमुळे पोर्ट पडत होते म्हणून लावलं गेलं असावं, म्हणजे लूपची सूचना येत होती आणि ती सूचनाच बंद केली गेली. तुमच्याकडे आहे का ते आत्ताच रनिंग-कॉन्फिगमध्ये 'बीपीडीयूफिल्टर' शोधून बघा. सापडलं तर आधी पोर्टफास्ट आणि गार्डची जोडी घाला, मग फिल्टर काढा आणि कुठले पोर्ट पडतात ते बघत तिथेच उभे राहा. मी काढलं तेव्हा दोन पोर्ट पडले. त्या दोन्ही ठिकाणी कुणालाच माहीत नसलेले स्विच निघाले.

तपासणी

'शो स्पॅनिंग-ट्री समरी' मध्ये मोड आणि ग्लोबल सेटिंग्ज, 'शो स्पॅनिंग-ट्री इनकन्सिस्टंटपोर्ट्स' मध्ये गार्डने अडवलेले, 'शो इंटरफेसेस स्टेटस एरर-डिसेबल्ड' मध्ये पडलेले. पोर्टफास्टच्या पोर्टवर 'शो स्पॅनिंग-ट्री इंटरफेस' आणि शेवटी 'डिटेल' दिलं की पाठवलेल्या आणि आलेल्या बीपीडीयूंची मोजणी दिसते. पाठवलेले वाढत असतील आणि आलेले शून्य असतील, तर पलीकडे खरोखर शेवटचं उपकरण आहे.

कागदी तपासणीवर थांबू नका. सुट्टीच्या वेळी एक पॅच केबल घ्या आणि दोन टेबलांच्या पोर्टांत दोन टोकं खोचा. काही क्षणांत निदान एक पोर्ट एरर-डिसेबल व्हायला हवा. मग एका मजल्यावरून सर्व्हरला सलग पिंग चालू ठेवून रूट पोर्टची केबल ओढा. रॅपिड नीट लागली असेल तर एखाददुसरं पिंग चुकतं आणि पुढचं येतं. तीसेक सेकंद गप्प राहिलं, तर कुठेतरी जुना मोड किंवा शेअर्ड लिंक उरली आहे. सगळं मनासारखं झालं की 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग', आणि प्रत्येक पोर्टवर 'डिस्क्रिप्शन' मध्ये यादीतली ओळ: पलीकडे कोण.

एक आठवड्याने परत येऊन 'शो स्पॅनिंग-ट्री डिटेल' बघा. प्रत्येक व्हीलॅनपुढे टोपॉलॉजी किती वेळा बदलली, शेवटची कधी आणि कुठल्या पोर्टवरून, ते लिहिलेलं असतं. आकडा रोज वाढत असेल तर त्या पोर्टवरून पुढच्या स्विचवर जा, तिथे हीच कमांड द्या, असं करत मुळाशी पोचा. माझ्याकडे तो माग एका कॅमेऱ्याच्या पोर्टवर संपला. तिथे पोर्टफास्टची ओळ राहून गेली होती आणि कॅमेरा रात्री दर काही मिनिटांनी बंद होऊन चालू होत होता. ओळ घातली, आणि कॅमेऱ्याचा ढिला कनेक्टर बदलला.